वागळे इस्टेटमधल्या काकांना, आणि ज्यांची नावं विचारायची राहिली त्यांना

मामाचा जुना स्कूबा रेग्युलेटर (पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून टाकीतल्या हवेचा दाब दोन टप्प्यांत, म्हणजे स्टेजमध्ये, कमी करणारं उपकरण) माळ्यावर पडून होता. टाकी उघडली की थोड्या वेळाने तोंडाकडची स्टेज फुसफुसायला लागायची. सगळे म्हणाले, भंगारात घाल. दोष निघाला पहिल्या स्टेजमध्ये: टाकीतले 200 बार तिथे साधारण 9-10 बारवर येऊन थांबायला हवेत, पण हा कमी झालेला दाब दाखवणाऱ्या गेजची सुई हळूहळू चढतच राहायची. हवा अडवणारी आतली सीट (झडपेची गादी) झिजली होती.

आपल्याकडचं सुट्या भागांचं न उघडलेलं किट काढून देणारे ठाण्याचे डायव्हर दादा, मनापासून आभार. सीलच्या दुकानातल्या काकांनी प्रत्येक ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) कॅलिपरने मोजली, एक परत घेतली ("जाड आहे, श्वासाशी खेळू नका") आणि पैसे घेतले जेमतेम चहापुरते. लेथवाल्या भाऊंनी जुन्या ओ-रिंग काढायला पितळेचा टोच्या करून दिला, म्हणून खोबणीवर ओरखडा आला नाही. मी स्टीलचा दाभण घेऊन बसलो होतो, हे मामाला सांगू नका!

जोडणी आणि तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञ ताईंनी केली. पंधरा मिनिटं सुई जागची हलली नाही. ताई, तुम्ही फीसुद्धा निम्मीच घेतलीत.

दिवाळीनंतर तारकर्ली. मामाही येतोय, होडीत बसायला.