सोन्याच्या कणांची रेघ आणि डेंग्यूचा अहवाल

माननीय संपादक,
स. न.

पावसाळा सुरू झाला की ठाण्यातील अनेक खासगी लॅबमध्ये डेंग्यूची तपासणी रॅपिड किटच्या पट्टीवर होते. पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ ही शाई आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु बहुतेक किटमध्ये ते सोन्याचे नॅनोकण असतात. इतक्या बारीक सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरींबरोबर आंदोलित होतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे ते सोने पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच असे लाल सोने द्रवात तयार करून, हा रंग कणांच्या सूक्ष्मपणामुळे येतो, असे मांडले होते.

या कणांवर डेंग्यूच्या विषाणूच्या एनएस१ या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. रुग्णाच्या रक्तात ते प्रथिन असेल तर कण त्याच्यासह वाहत येऊन रेघेवर अडकतात, आणि पुरेसे कण साठले तरच रेघ डोळ्यांना दिसते. म्हणून फिकट रेघसुद्धा दुर्लक्षिण्याजोगी नसते, आणि रेघ न दिसणे म्हणजे डेंग्यू नाही असे मुळीच नव्हे. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर तर पट्टी सुकताना खोटी रेघही उमटू शकते.

लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केल्यामुळे हे मला ठाऊक होते, तरीही गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या बाबतीत आम्ही फसलो. तापाच्या सहाव्या दिवशी एका लॅबने केवळ एनएस१ची पट्टी पाहून ‘निगेटिव्ह’ असा एका शब्दाचा अहवाल दिला. पाचव्या दिवसानंतर हे प्रथिन रक्तात कमी होत जाते आणि शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे शोधावी लागतात. दोन दिवसांनी एलायझा या प्रयोगशाळेतील अधिक सविस्तर चाचणीत ती सापडली. तोवर त्याचे प्लेटलेट बरेच उतरले होते, आणि ते दोन दिवस आमच्या घरात कोणीही विसरलेले नाही.

रॅपिड किटमुळे निदान लवकर हाती येते, त्यामुळे किट बंद करावेत असे माझे म्हणणे नाही. मात्र तपासणी किटवर केली की एलायझाने, तापाचा दिवस कितवा होता आणि पट्टी किती मिनिटांनी वाचली, या तीन नोंदी प्रत्येक अहवालावर असाव्यात, असा आदेश ठाणे महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाने पुढील पावसाळ्यापूर्वी सर्व लॅबना द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नौपाडा, ठाणे