आंबी, हाताला लागलेला तो वास

आंबी,

हे पत्र तुला वाचता येणार नाही. तुझी भाषा आचिक, म्हणजे गारो, माझी मराठी, आणि मधे तुझ्या नातवाची तुरा शहरात शिकलेली हिंदी. मी त्याच्या फोनवर पाठवतोय, तो फोनकडूनच भाषांतर करून घेईल आणि काहीतरी भलतंच निघेल. हसा दोघं. तुला 'तू' म्हणतोय, कारण आमच्या वरूडकडं आजीला अहोजाहो केलं तर तीच विचारते, "काय रे, रागावला का?" आणि तुमच्यात आजीला आंबी म्हणतात हे कळल्यावर मला दुसरं नाव विचारावंसंच वाटलं नाही. आमच्या संत्र्याच्या एका बहाराचं नाव आंबिया आहे.

तुझ्याकडं पोचायच्या आधी मेघालयातल्या गारो टेकड्यांत माझे चार दिवस वाया गेले होते. एका कार्यालयात साहेबांनी चहा पाजला, नोकरेकचं जंगल १९८६ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २००९ मध्ये युनेस्कोच्या जैवमंडळांच्या यादीत गेलं, शिखर १४१२ मीटर, सगळं पाठ म्हणून दाखवलं. "मेमांग नारांगचं, तुमच्या रानसंत्र्याचं, झाड कुठं बघायला मिळेल?" म्हटलं, तर म्हणाले अर्ज द्या. अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तो अर्ज ज्यांच्याकडं गेला होता ते रजेवर. मग एका गाडीवाल्यानं आगाऊ पैसे घेतले आणि रस्त्याकडेच्या एका संत्र्याच्या बागेत नेऊन उभं केलं. "यही है." अरे बाबा, माझ्या तीन पिढ्या संत्र्यात गेल्या. बाजारात जाणारं संत्रं आणि रानातलं झाड मला ओळखू येत नाही होय? वर परतीचं भाडं वेगळं मागितलं.

तुझ्या नातवाची गाठ चहाच्या टपरीवर पडली, हे नशीबच. तो एवढंच म्हणाला, "आंबी को मालूम है."

मी का आलो हे तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. माझे बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांची निम्मी बाग डिंक्यानं खाल्ली होती. बुंध्याची साल फाटते, तिथून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात आणि जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरून पोरासारखं वाढवलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून लावून बाबांच्या बोटांचा रंगच निळसर झाला होता. कुठल्याशा मेळाव्यात त्यांनी ऐकलं की मेघालयात रानसंत्रं आहे, आणि रानातल्या जातींच्या अंगात जे बळ असतं ते आपल्या लाडावलेल्या झाडांत उरलेलं नाही. तेव्हापासून ते त्याला संत्र्याचा पणजोबा म्हणायचे. (पणजोबा की चुलत पणजोबा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. बाबांचं होतं.) "एकदा जाऊन पाहून येऊ," हे दर हंगामाला. प्रत्येक हंगामात काही ना काही निघालं.

तू पुढं, हातात कोयता, पाठीवर वेताची टोपली. मी मागं, दर दहा पावलांवर दम खात. गावाच्याच हद्दीतला ओढा, वर एवढी गर्द झाडी की दुपारी बाराला संध्याकाळ वाटावी. दूर हुलॉक वानरं ओरडत होती. आणि मग ते झाड. खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, एवढंसंच? माझ्याहून थोडं उंच, काटेरी, फांद्या वाटेल तशा गेलेल्या. फळ लहान लिंबाएवढं, पिकून लालसर केशरी झालेलं. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं, लिंबू-संत्र्याची जात बघायची तर पानाचा देठ बघ, त्याच्या दोन्ही कडांना पानासारखे पंख किती आहेत ते बघ. मी एक पान उलटं धरलं. पंख जवळजवळ नाहीतच. तेव्हा कुठं माझी खात्री पटली.

मी फळाला हात घातला, तर तू माझं मनगट धरलंस. मला वाटलं, चुकलं काहीतरी. तू नातवाला काहीतरी विचारलंस आणि तो जरा संकोचून मला म्हणाला, "आंबी पूछ रही है, घर में कौन गया?"

मेमांग म्हणजे भूत, नारांग म्हणजे संत्रं. तुमच्यात माणूस गेल्यावरच्या विधीत या फळाला मान असतो, हे मी वाचलं होतं. पण ते वाचलेलं. माझ्या तोंडावर ते कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "बाप." पुढं बोलता येईना.

तू झाडावरचं तोडलं नाहीस. खाली पडलेलं एक उचललंस, कमरेला गुंडाळलेल्या त्या दकमांडाच्या, तुमच्या लुगड्याच्या, टोकाला पुसलंस आणि अंगठ्याच्या नखानं फोडलंस. बियाच बिया. त्या एकेक करून अंगठ्यानं ओल्या पालापाचोळ्यात दाबल्यास, घाई न करता. आणि मग साल माझ्या उजव्या तळहातावर चोळलीस. चांगली दाबून, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. नातू म्हणाला, "फळ नेता येत नाही. हे नेता येतं म्हणते."

एवढंच, आंबी. त्याच्यासाठी हे पत्र.

पैसे देऊ केले तर तू नोट माझ्याच खिशात परत कोंबलीस आणि कोयत्यानं वाट दाखवलीस, की चल आता, अंधार पडेल. चार दिवस मी ज्यांना भेटलो त्यांच्याकडं खुर्ची होती, शिक्का होता, गाडी होती. त्यातल्या एकानंही "का आलास?" हे विचारलं नाही. साधं विचारणं असतं. आपल्याकडंही ते कमी झालंय, मी तुमच्या बाजूलाच नावं ठेवतोय असं नको. आमच्याकडं बाग वाळली तर पंचनामा करायला येणारा माणूस झाडं मोजतो. बाबांकडं बघून "जेवलात का?" म्हणणारा एकच निघाला होता, आणि तो तलाठ्याबरोबर आलेला ड्रायव्हर होता.

गुवाहाटीपर्यंत मी उजव्या हातानं जेवलो नाही. चमच्यानं, तोही डाव्या हातात. शेजारचा प्रवासी माझ्याकडं बघत होता. आंबट, कडवट, जरा राळेसारखा वास. वरूडला पोचेस्तोवर उडाला होता, पण आई दारात आली तेव्हा मी हात तिच्या नाकापाशी नेला. ती म्हणाली, आहे थोडा. असेल किंवा माझ्यासाठी म्हणाली असेल.

तुमच्याकडं आभाराला मितेला म्हणतात, तेवढा एक शब्द मी शिकलो. मितेला, आंबी.

आणि इकडं ये. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा ये, उरलेल्या बागेत रात्री झोपवत नाही एवढा वास असतो. नातवाला सांग, नागपूरपर्यंत या, पुढं मी घ्यायला येतो. आणि एकटेच यायचं ठरवलंत तर आमच्या स्टेशनचं नावच वरूड ऑरेंज सिटी आहे. चुकायचं काही कारण नाही.

तुझा,
वरूडचा संत्रेवाला