गोदाघाटाच्या दरजांत सिमेंट नको

मा. संपादक,

सिंहस्थ जवळ आला की गोदाकाठी डागडुजीला ऊत येतो. नारोशंकराचे मंदिर (१७४७), सुंदरनारायण (१७५६), पेशवाईतलेच काळाराम. सगळी घडीव काळ्या पाषाणाची. यांच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, सिमेंटने भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, नव्या नुकसानीची सुरुवात आहे.

काळा पाषाण स्वतः फारसे पाणी पीत नाही. पावसाचे आणि इमारतीच्या पायातून चढणारे पाणी दरजांतून आत जाते, तिथूनच वाळून बाहेर पडते. दरजांतला चुना सच्छिद्र, त्यामुळे ही ये-जा सुरू राहते. वरून सिमेंट थापले की पाणी दगडाच्या कडेशी तुंबते, क्षार तिथेच साचतात, लोणा लागतो आणि कोरीव कामाच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटतात. शिवाय सिमेंट ताठ. उन्हाने दगड जरा हलला की त्याला बारीक भेग पडते. पाणी आत शिरते, बाहेर मात्र येत नाही.

म्हणून निविदेत नुसते ‘दरजा भरणे’ लिहून भागणार नाही. जुना माल छिन्नीने निदान २५ मिलिमीटर खोल काढावा. ग्राइंडर लावला की दगडाची धारच उडते. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) विरवून पाण्याखाली महिनाभर मुरत ठेवावी. कच्ची राहिलेली कणी भिंतीत गेल्यावर फुगते आणि दर्ज उकलते. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. घाटावर सुरखी टाळूच नये. साधा चुना हवेवर घट्ट होतो, ओलीत तो मऊच राहतो. सुरखीमुळे मात्र ओलीतही धरतो. चुन्यात मिसळायच्या गूळ, बेलफळ, हिरडा यांचे कौतुक फलकावर फार असते, पण मुरवण आणि घाणीतली (दगडी चाकाखालची) मळणी चुकली तर गूळ काय करणार? दर्ज आधी भिजवून माल पातळ थरांत दाबत जावा, वर ओले गोणपाट दोन आठवडे. पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळी ते फेब्रुवारी हाच हंगाम.

शिखरावरचा पिंपळ नुसता छाटू नये, तो दुप्पट जोमाने फुटतो. मूळ मारल्याशिवाय ते ओढायचेही नाही, सोबत दगड निघतात.

नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण पूर मोजतो. पूर ओसरल्यावर मंदिरांवरचा गाळ वाळायच्या आत साध्या पाण्याने आणि काथ्याच्या कुंच्याने काढला तर सोपे जाते. वाळल्यावर ॲसिड किंवा वाळूचा मारा करतात, त्यात टाकीचे घावच पुसले जातात. तैलरंगाचेही तेच: आतली ओल अडते, पोपडे निघतात.

नारोशंकराच्या दारावरची मोठी घंटा वसईची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर ती इकडे आली. तिच्यावर १७२१ साल आहे. धातूवर चढलेला काळपट हिरवा थर तिचे रक्षण करतो. शोभेसाठी ती घासून उजळायला घेतली तर थरासोबत ते आकडेही झिजतील. कामाच्या यादीत ‘घंटा चकचकीत करणे’ असे कलम असेल, तर ते आत्ताच काढावे.

— गोदाकाठचे काही वाचक, पंचवटी, नाशिक