रेवा, कानांना जप

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ड्रमच्या आवाजावरून खालच्या काकूंनी पुन्हा बेल वाजवली आणि तू त्यांना उलट बोललीस, हे शशांककडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. तू मात्र फोनवर एवढंच म्हणालीस, "आता हेडफोन लावून वाजवते, कुणाला त्रास नाही." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कुणाला नाही, पण तुझ्या कानांना?

आधी काकूंचं. इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट आणला तरी खाली आवाज जातोच. जाळीच्या पॅडवरची काठी फारशी ऐकू जात नाही, पण पायातल्या पेडलचा ठोका स्लॅबमध्ये उतरतो आणि त्यांच्या छतातून धप्-धप् येतो. त्याला नुसती रबरी मॅट पुरत नाही. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यावर सेट ठेवतात, तसं करून बघ. आणि एकदा त्यांच्याकडे जाऊन बस, शशांकला वर पेडल मारू दे. कुठल्या वेळी वाजवलेलं चालेल, तेही त्यांनाच विचार. माणसं विचारल्यावर नरम येतात.

आता हेडफोन. वाजवण्याच्या भरात आवाज कधी वाढवला हे आपलं आपल्यालाच कळत नाही. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत ठीक धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. तू तर दोन-दोन तास उठत नाहीस. नानांच्या कानातली ती शिट्टी आठव. रेडिओ लावल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही, आणि त्यावर कुणाकडेच औषध नव्हतं.

बघ, लागले शिकवायला. राग मानू नकोस, तू लहान नाहीस.

मागे आले होते तेव्हा तू काठ्यांऐवजी ते तारांचे ब्रश घेऊन सेटवर बसली होतीस. डावा हात समोरच्या स्नेअर ड्रमवर न थांबता गोल फिरत होता, उजवा त्यातच हलके टिपत होता आणि डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर हाय-हॅटच्या जोडझांजा मिटत होता. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, पहिलीत अक्षरं गिरवताना असायची तशी. पाटी पुसून पुसून पुन्हा काढायचीस, कुणी सांगितलेलं नसताना! मग तूच सांगितलंस की १९४० च्या सुमारास जॅझ ड्रमर केनी क्लार्कने ताल पायाकडून काढून राइड सिंबलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर नेला, आणि पायाने वाजवायचा बास ड्रम ऐकू येण्यापेक्षा जाणवेल इतकाच वाजवायचा असतो. मला त्यातलं फार कळत नाही, पण घरी आल्यावर मी हे सगळ्यांना सांगितलं. बाबांना तर दोनदा.

हळू वाजवणंच सगळ्यांत अवघड, असंही म्हणाली होतीस. त्या ब्रशची सळसळ ऐकायला कान शाबूत नकोत का? पुन्हा तेच बोलतेय, कळतंय मला. वाजवणं सोड असं मी कधीच म्हणणार नाही. निम्मा वेळ साध्या पॅडवर, हेडफोनशिवाय वाजव. खऱ्या सेटवर बसशील तेव्हा वादकांचे इअरप्लग घाल. त्यांनी सगळे सूर साधारण सारखेच कमी होतात, सिंबल बोथट वाटत नाही.

आणि खरं सांग, वाजवून उठल्यावर कानात काही वाजतं का? नुसतं "नाही गं" म्हणू नकोस. आज रात्री नीट लक्ष देऊन बघ आणि उद्या फोन कर.

तुझी,
आई