गुलाबी फीत पुरावा मानायची का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘यंग गुडमन ब्राऊन’ (१८३५) या कथेवरचा लेख वाचला. कथेतला तरुण ब्राऊन एका रात्री अरण्यात जातो; तिथे नागमोडी काठीवाला सैतान त्याला भेटतो आणि आपल्या भक्तांच्या मेळ्याकडे न्यायला पाहतो. गुलाबी फीत म्हणजे निरागसता, नागमोडी काठी म्हणजे सैतान, अरण्य म्हणजे पाप, अशी उकल लेखात आहे. ती चुकीची नाही, पण कथेतला खरा उपरोध तिच्यातून निसटतो.

फितीचेच पाहा. ब्राऊन संध्याकाळी बायकोचा, फेथचा, निरोप घेतो तेव्हा तिच्या टोपीवरच्या फितींचा उल्लेख तीनदा येतो. रात्री अरण्यात वरून काहीतरी तरंगत येते, फांदीला अडकते आणि ब्राऊनच्या हाती गुलाबी फीत लागते. तेवढ्यावर बायको सैतानाला मिळाली असे ठरवून तो मेळ्याकडे धाव घेतो. सकाळी गावात परततो तर फेथ त्याच गुलाबी फिती लावून समोर उभी! मग ती फीत कुठली? लेखक सांगत नाही. काठी वळवळल्यासारखी दिसली तो अंधुक उजेडातला दृष्टिभ्रम असावा, असे निवेदकच म्हणतो. गावचा पाद्री आणि डीकन (चर्चचा एक पदाधिकारी) यांचे नुसते आवाज ऐकू येतात. ब्राऊन फांद्या बाजूला सारून पाहतो, पण त्याला सावलीही दिसत नाही. रात्री पेटलेली डहाळी शेवटी त्याच्या गालावर गार दव शिंपडते. वर्गात ही कथा शिकवताना ‘वाटले’, ‘भासले’, ‘असावे’ अशा शब्दांखाली रेघ मारायला लावावी. पानेच्या पाने रेघांनी भरतील.

हा खेळ अमेरिकेतल्या सेलममध्ये घडतो, याला कारण आहे. १६९२ मध्ये याच भागात चेटुकाच्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली आणि एकाला दगडांखाली चिरडून मारले. आरोपीचे छायारूप आपल्याला छळते, एवढी साक्षही कोर्ट तेव्हा ग्राह्य धरी. सैतान निष्पाप माणसाचेही रूप घेऊ शकतो, हा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला होता. आरोपींची चौकशी करणाऱ्यांत लेखकाचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न होते. कथेतल्या मेळ्यात दिसणारी मार्था कॅरियर ही या खटल्यांत फासावर गेलेली खरी बाई. लेखकाने तिला मुद्दाम चेटकीण म्हणून उभे केले आहे, म्हणजे ब्राऊनच्या डोळ्यांवर विसंबलो तर वाचकही त्या न्यायाधीशांच्या बाकावर जाऊन बसतो.

सर्वांत बोचरी गोष्ट ही की मेळ्यात दिसलेल्या फेथला ‘सैतानाला नकार दे’ असे ओरडून सांगणारा ब्राऊन नंतर जन्मभर सैतानाचेच प्रवचन खरे मानून जगतो. सगळी माणसे पापी, हे त्याने तिथेच ऐकलेले असते. पुढे चर्चमध्ये पाद्री बोलू लागला की छप्पर कोसळेल या भीतीने तो पांढराफटक पडतो.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यात छायारूपाच्या साक्षींवर अवश्य लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे