सिक्युरिटीचं काम म्हणजे नेमकं काय

ती. बाबा, सा. न.

फोनवर विचारलंत ना, "सिनियर झालीस म्हणजे आता करतेस काय", आणि मी "तेच, सिक्युरिटीचं" म्हणून विषय संपवला. तर आज नीट सांगते, आईलाही वाचून दाखवा.

कुठलीही टीम नवीन काही बनवायला घेते तेव्हा कोड लिहायच्या आधीच मी त्यांच्यासोबत बसते आणि चोराच्या डोक्याने विचार करते, माहिती कुठून येते, कुठे जाते, मधे कोण हात घालू शकेल. याला थ्रेट मॉडेलिंग म्हणतात. पण सगळं कागदावर सापडत नाही. परवा एका टीमने बिल बघायची लिंक केली, शेवटी बिलाचा नंबर. मी टेस्ट अकाउंटने लॉगिन केलं, लिंकमधला १०४१ खोडून १०४२ टाकला आणि झालं, दुसऱ्याच अकाउंटचं बिल समोर! लॉगिन केलंय का एवढंच सर्व्हर बघत होता, बिल कोणाचं हे विचारतच नव्हता. आईला वाटतं हॅकिंग म्हणजे काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, पण ओवॅस्प ही वेब सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था, तिच्या मोठ्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर हाच प्रकार आहे, ज्याचं त्याला दाखवायचं, तिथेच गफलत.

खरी कटकट त्यानंतर. रिलीज तोंडावर, मॅनेजर म्हणतो नंतर बघू. आता सगळंच अडवलं तर पुढच्या वेळी कोणी काही दाखवायलाच येत नाही, गुपचूप रिलीज करून मोकळे होतात, म्हणून कशावर हटून बसायचं आणि काय पुढच्या महिन्यावर ढकलायचं हे ठरवायचं, पगार खरा त्याचाच मिळतो. बिलाचं मात्र अडवलंच.

शिवाय नुसता आपला कोड चांगला असून भागत नाही, आत दुसऱ्यांचा फुकटचा कोड ढिगाने असतो. डिसेंबर २०२१ मधे लॉगफोरजेचं प्रकरण झालं. ही जावा या प्रोग्रामिंग भाषेतली नोंदी ठेवायची साधी लायब्ररी, म्हणजे कोणीही वापरावा असा तयार कोड, पण नोंदीत एक ठराविक ओळ गेली की सर्व्हर बाहेरचा कोड आणून चालवायचा! धोक्याचे १० पैकी १०. नवीन व्हर्जन टाकणं सोपं होतं हो, पण ती आपल्याकडे कुठेकुठे दडलीय हेच भल्याभल्यांना माहीत नव्हतं. म्हणून आम्ही आता प्रत्येक प्रॉडक्टमधे काय काय आहे त्याची यादी ठेवतो. भयंकर कंटाळवाणं काम, पण असं काही पुन्हा निघालं तर आधी तीच उघडणार.

पुढचा आठवडा ऑन-कॉल, म्हणजे कधीही गडबड झाली की लगेच बघायची पाळी, माझ्याकडे आहे, त्यामुळे बोलता बोलता फोन ठेवला तर आईला सांगा, रागावू नकोस.

तुमची लेक