दिवा विझला म्हणजे हवा भरली असे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्या नाशिकमधल्या गॅरेजांत आणि पंक्चरच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. सकाळी मोटार सुरू केल्यावर डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारा एक पिवळा दिवा लागतो, घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. मालक धास्तावून गाडी जवळच्या गॅरेजात नेतो, तिथला मुलगा एक बटण चार-पाच सेकंद दाबून धरतो, दिवा विझतो आणि दोघेही आपापल्या कामाला लागतात. गेल्या डिसेंबरात माझ्या मुलीच्या गाडीचे नेमके असेच झाले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अठ्ठावीस वर्षे दाबमापकांची पडताळणी करण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसालाही ही गोष्ट तीन दिवस कळली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

गुरुवारी दिवा लागला आणि गुरुवारीच ‘रिसेट’ करून विझवला गेला. पुढच्या आठवड्यात तिला समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे होते, म्हणून रविवारी पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, मी माझे जुने मापक काढून चारही चाकांना लावले. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर ३३ पीएसआय लिहिलेले असताना तीन चाकांत २८ आणि मागच्या डाव्या चाकात अवघा २३ भरला. चाक फिरवून पाहिले तर टायरच्या खाचेत एक स्क्रू आरामात रुतून बसलेला, आणि साबणाचे पाणी सोडताच त्याच्या कडेने बुडबुड्यांची बारीक माळ उमटू लागली. दिवा खरे बोलत होता. आपणच त्याचे तोंड बंद केले होते.

हे समजण्यासाठी टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टीपीएमएस, दोन प्रकारची असते हे ठाऊक हवे. मुलीच्या गाडीत आहे तो अप्रत्यक्ष प्रकार, आणि त्यात चाकाच्या आत दाब मोजणारे काहीच नसते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतोच. हवा कमी झालेला टायर थोडा बसतो, त्याची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढेच अंतर कापायला त्याला इतर चाकांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि हा फरक ठराविक मर्यादेबाहेर गेला की संगणक दिवा लावतो. म्हणजे ही यंत्रणा दाब मोजत नाही, ती पूर्वी शिकलेल्या स्थितीशी आजच्या स्थितीची तुलना करते. बटण दाबणे म्हणजे तिला ‘आत्ता आहे तेच बरोबर समज’ असे सांगणे. गाडीने २३ हाच त्या चाकाचा योग्य दाब मानला असता, तर दिवा पुन्हा लागायला तो सतरा-अठरापर्यंत उतरावा लागला असता, आणि तोवर मुलगी कदाचित समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरने धावत असती. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि तापते. वेग, ओझे आणि काँक्रीटचा लांबलचक सरळ रस्ता एकत्र आले की ती उष्णता टायरला सोसत नाही. या प्रकारातल्या बऱ्याच गाड्यांचा आणखी एक दोष असा, की चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर तुलनेला आधारच उरत नाही आणि दिवा मुकाट राहतो.

मग उरलेल्या तीन चाकांत २८ का होते? त्याचे उत्तर हवामानात आहे. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो, आणि पाच-सात किलोमीटर चालून तापलेल्या टायरमध्ये तो थंड स्थितीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त दिसतो. आम्ही दिवाळीपूर्वी, भर दुपारी, द्वारका चौकातली गर्दी पार करून पंपावर पोहोचलो होतो, आणि त्या गरम टायरांत ३३ भरून घेतले होते. पहाटेच्या दहा अंशांत त्याचे २८ होणे हा सरळ हिशेब आहे. निफाडची मंडळी तर याहून कडक थंडी अनुभवतात. (जाता जाता सांगायचे तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे कसारा घाट उतरून मुंबईत गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि त्याच टायरमध्ये मापक सुमारे एक पीएसआय कमी दाखवते, मुंबईची ऊब ती तूट बरीचशी भरून काढते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.)

तेव्हा क्रम असा हवा, की गाडी किमान तीन तास उभी असताना चारही चाके मापकाने तपासावीत, पट्टीवरच्या आकड्याइतकी हवा भरावी, खिळा-स्क्रू असल्यास आधी पंक्चर काढून घ्यावे, आणि मगच बटणाला हात लावावा. काही गाड्यांत ते स्टीअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला असते, काहींत स्क्रीनवरच्या मेनूत दडलेले असते. गाडी उभी आणि इग्निशन चालू ठेवून दिवा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचे असते. त्यानंतर नवी स्थिती शिकून घ्यायला यंत्रणेला काही काळ प्रत्यक्ष धावावे लागते, म्हणून आम्ही पंक्चर काढून आणि हवा भरून झाल्यावर गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारून आलो. पट्टीवर कमी माणसांसाठी एक आणि भरगच्च गाडीसाठी दुसरा आकडा असतो, त्याकडेही बहुतेकांची नजर जात नाही.

दुसऱ्या, प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला आतून जोडलेला छोटा सेन्सर खरोखरच दाब मोजतो आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. त्यामुळे स्क्रीनवर चारही आकडे दिसतात. ते २३० असे आले तर दचकू नये, ते किलोपास्कल आहेत, म्हणजे ३३ पीएसआयच. येथे हवा भरून थोडे अंतर चालले की दिवा बहुधा आपोआप जातो. चाकांची अदलाबदल केल्यावर मात्र काही गाड्यांना कोणता सेन्सर कोणत्या कोपऱ्यात गेला हे नव्याने शिकवावे लागते, नाहीतर हवा मागे कमी असते आणि गाडी पुढच्या चाकाकडे बोट दाखवते. या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. टायर उतरवताना यंत्राचा दणका नेमका व्हॉल्व्हपाशी बसला तर सेन्सर तुटतो, आणि पंक्चरवर भरला जाणारा पातळ द्रव त्याचे छिद्र बुजवू शकतो. म्हणून ‘या चाकात सेन्सर आहे’ हे दुकानदाराला आपणच आधी सांगितलेले बरे. दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर तो हवेचा नव्हे, यंत्रणेच्याच बिघाडाचा इशारा असतो. सेन्सर नसलेली स्टेपनी लावल्यावरही तसे होऊ शकते.

ही यंत्रणा म्हणजे श्रीमंती हौस आहे असे आमच्या कट्ट्यावर एकाने ऐकवले. अमेरिकेत टायर निकामी होऊन मोटारी उलटण्याच्या घटनांनंतर २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांत ती आवश्यक ठरली. युरोपात नव्या मोटारींसाठी नोव्हेंबर २०१४ पासून. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट दिली. ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिच्या मालकाने तरी हा दिवा केवळ बटणाने विझवू नये.

दोन विनंत्या करून थांबतो. गाडी विकणाऱ्यांनी चावी देताना पेढ्यांच्या पुड्याबरोबर, या गाडीत कोणत्या प्रकारची यंत्रणा आहे आणि बटण केव्हा दाबायचे, हे दोन मिनिटे समजावून सांगावे. आणि शहरातील पेट्रोल पंपचालकांनी हवेच्या यंत्राची मापके वेळोवेळी तपासून घ्यावीत. त्या रविवारी मी मुलीची गाडी ज्या पंपावर नेली, तेथील यंत्राने ३३ म्हणून दिलेली हवा माझ्या मापकावर २९ भरली, आणि ‘काका, मशीन डिजिटल आहे’ हेच त्या मुलाचे उत्तर होते. मापकाची शेवटची पडताळणी कोणत्या तारखेला झाली, एवढी एक ओळ यंत्राशेजारी लिहायला फार खर्च येणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक